शिशाच्या डब्यातली साखर

किस्से कुठे साचतात याबद्दल माझं एक मत आहे. जिथे माणसाला गप्प बसवतात, तिथे ते साचतात. आमच्या स्कॅन सेंटरमध्ये पेशंटला इंजेक्शन दिलं की तासभर एका खोलीत एकट्याला बसवतो. बोलायचं नाही, चघळायचं नाही, उगाच हात-पाय हलवायचे नाहीत. आता यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला तासभर गप्प बस म्हणणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. खोलीत शिरण्याआधी आणि बाहेर आल्यावर तो सगळी कसर भरून काढतो, आणि ऐकायला असतो आम्ही.

आम्ही म्हणजे तिघं. मी टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे सुई टोचणारी आणि मशीन चालवणारी. मूळची उमरखेडची. गावंडे मॅडम डॉक्टर, फोटो वाचून रिपोर्ट देणाऱ्या. आणि आडेभाऊ ड्रायव्हर, पुसदच्या पलीकडच्या एका तांड्यावरचे. यवतमाळात, लोहाऱ्याच्या रस्त्याला, कारखान्यांच्या शेडांच्या अलीकडे आमची एकमजली इमारत आहे. बाहेरून पाहिलं तर बँक वाटते.

काम सांगायला सोपं आहे. साखरेच्या एका जातीला असा अणू जोडतात, की तो मोडताना एक पॉझिट्रॉन बाहेर टाकतो. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण. वजन तेच, विद्युतभार उलटा. ही साखर शिरेतून दिली की अंगात जिथे भूक जास्त तिथे जाऊन बसते, आणि कॅन्सरची गाठ फार खादाड असते. तिथे प्रतिकण निघतो, जेमतेम मिलीमीटरभर चालतो, शेजारचा एखादा इलेक्ट्रॉन भेटतो आणि दोघंही नाहीसे होतात. मागे उरतात न दिसणाऱ्या प्रकाशाच्या दोन तिरिपी, एक या दिशेला, दुसरी बरोबर तिच्या विरुद्ध. मशीन त्या दोन्ही पकडतं आणि उलट्या पावली मागे जाऊन सांगतं, की भेट इथे झाली होती.

जगात प्रतिकण जवळजवळ कुठे सापडत नाहीत म्हणतात. आमच्याकडे ते रोज दारव्ह्याच्या, घाटंजीच्या, महागावच्या माणसांच्या पोटात निघतात. इतकी वर्षं हे काम करतेय, पण पहिला फोटो स्क्रीनवर उमटतो तेव्हा अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

*

ही साखर नागपूरहून गाडीने येते, शिशाच्या जड डब्यात. तिची गंमत अशी, की दोन तास गेले की ती निम्मीच उरते. कोणी सांडत नाही, कोणी खात नाही, ती आपोआप संपत जाते. म्हणून तिकडून निघतानाच जास्तीची भरून देतात.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आडेभाऊ वैतागून मॅडमना म्हणाले, "मॅडम, कळंबले थांबून चहाबी पिऊ देत नाही तुमी. असं काय हाय बाप्पा या डब्यात?"

मॅडमनी त्यांना बसवून सगळं सांगितलं. प्रतिकण, दोन तासांची अट, सगळं. आडेभाऊ म्हणाले, "आमच्या पणज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं. लदेणी म्हणत त्याले. लई सांभाळा लागे, पावसात भिजलं का विरघळलंच. पण मॅडम, त्याले निदान पाऊस तं लागे. हे तं घड्याळातच विरघळून राह्यलं."

त्या दिवसापासून त्यांनी कळंबचा चहा सोडला.

*

नागपूरहून येताना वर्धा जिल्हा लागतो, आणि तिथे दारूबंदी आहे. एकदा नाक्यावर एका नव्या पोलिसाने गाडी अडवली. गाडीवर किरणोत्साराचं पिवळं चिन्ह, कागदपत्रं सगळी जागेवर, पण डबा पाहून त्याची खात्री झाली, की माल हाच.

"काय हाय यात?"

"साखर," आडेभाऊ म्हणाले.

"साखरेले एवढा जड डबा? उघड."

"उघडता येत नाही साहेब. अन् तुमी जितका येळ थांबवान तितकी ते कमी होईन."

पोलीस पुरता गोंधळला. आडेभाऊंनी मग त्याला मॅडमचा सगळा पाठ ऐकवला. तिकडून निघालेला कण आणि इकडचा कण, दोघं भेटतात आणि कोणीच उरत नाही. पोलीस दोन पावलं मागे सरकला आणि विचारता झाला, "हे माणसाच्या अंगात सोडता तुमी?"

"हो."

"अन् माणूस?"

"तो चहा-पोहे खाऊन यष्टीनं घरी जाते."

पोलिसाने स्वतः रस्त्यावर जाऊन एक ट्रक थांबवला आणि आमच्या गाडीला वाट करून दिली. आता आडेभाऊ दिसले की तो लांबूनच सहकाऱ्यांना ओरडून सांगतो, "साखर चालली, जाऊ द्या."

*

आता जरा वेगळं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

आडेभाऊंची बायको शेवंताताई. तांड्यावर नवरी सासरी निघते तेव्हा ती ढावलो म्हणते. माहेरच्या एकेकाच्या गळ्यात पडून, रडत रडत म्हणायचं गाणं ते. नवरीला ते आधी महिनाभर शिकवावं लागतं, आणि त्या तांड्यावरच्या कितीतरी पोरींना ते शेवंताताईंनी शिकवलं होतं. आडेभाऊ सांगायचे, "ते म्हणायले लागली का बैलबी रवंथ थांबवतेत." मग त्यांच्या स्वतःच्या पोरीचं, पूनमचं लग्न जमलं, आणि त्याच सुमारास शेवंताताईंचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी आहे. काढे झाले, गोळ्या झाल्या. शेवटी नागपूरला छातीत गाठ निघाली.

त्यांच्या पहिल्या स्कॅनची साखर आडेभाऊंनीच आणली. मी सुई लावली आणि रोजच्यासारखं म्हटलं, "ताई, तासभर बोलायचं नाही हं." त्या घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाल्या, "बोलाले राह्यलंच काय आता?"

फोटोत छातीच्या मधोमध गाठींचा घोस पेटलेला होता. मॅडमनी मला त्याच्या वर गळ्याकडे बोट दाखवलं. आवाजाचे दोन लहान स्नायू असतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. डाव्या बाजूची नस गळ्यातून थेट छातीत उतरते आणि वळसा घालून परत वर येते. गाठीने ती वळणावरच दाबली होती. शेवंताताई खोलीत दोनचार वेळा स्वतःशी पुटपुटल्या असाव्यात, कारण उजवा स्नायू थोडा उजळला होता. डाव्या बाजूची मात्र लाइट गेलेली होती.

आडेभाऊ आत आले, पण स्क्रीनकडे पाठ करून उभे राहिले. मॅडम म्हणाल्या, "या जातीच्या गाठीला औषध चांगलं लागू पडतं, आडेभाऊ. पण आवाजाचं मी आज सांगू शकत नाही."

लग्न पुढच्या हंगामावर ढकललं. तांड्यावरच्या बाकीच्या बाया म्हणाल्या, पोरीला ढावलो आम्ही शिकवतो. पूनम ऐकायला तयार नाही. आडेभाऊ मला सांगत होते, "म्हणते, याडी शिकवंन तं म्हणीन. नाही तं मुक्यानंच जाईन सासरी."

याडी म्हणजे आई. ते सांगताना आडेभाऊ गाडीची काच पुसत होते, आणि काच स्वच्छच होती.

*

त्याच दिवसांतली गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत मॅडम पांढऱ्या फळ्यावर मला एक आकृती काढून दाखवत होत्या. भौतिकशास्त्रात पॉझिट्रॉनकडे बघायची एक तऱ्हा अशी आहे, की तो काळात उलटा चालणारा इलेक्ट्रॉन मानायचा. आपण सगळे कालकडून उद्याकडे जातो. तो उद्याकडून कालकडे येतो, असं धरलं तरी सगळी गणितं तंतोतंत सुटतात. दोन कण भेटले आणि नाहीसे झाले असं आपण म्हणतो. त्या आकृतीत दोन कण नसतातच. एकच रेघ असते, वर जाते आणि वळून खाली येते.

मी आ वासून बघत होते. दारात पुसदचे एक निवृत्त मास्तर उभे होते, स्कॅनसाठी आलेले. त्यांनीही सगळं ऐकलं होतं.

"म्हंजे तो कण उद्याकडून येऊन राह्यला?" त्यांनी विचारलं.

"तसं मानता येतं," मॅडम म्हणाल्या.

"मंग त्याले ठाऊकच असंल. त्यालेच विचारा ना, माह्या रिपोर्ट काय येते."

मॅडम म्हणाल्या, "मास्तर, आम्ही त्यालाच तर विचारतो."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी फळ्याकडे पाहून हात जोडले आणि आत जाऊन मुकाट्याने बसले. तासभर तोंडातून चकार शब्द न काढणारा पेशंट मी तोवर पाहिला नव्हता.

संध्याकाळी गाडी धुताना आडेभाऊंनी मला विचारलं, "ताई, ते उलटं चालते म्हणता, तं किती मागं जाते?"

"फार नाही भाऊ. मिलीमीटरभर चालतो की संपतो."

"आमाले तं एक वर्सच पाह्यजे होतं," ते म्हणाले आणि पाण्याचा पाइप गुंडाळायला लागले.

*

आर्णीकडचे एक पाटील होते. तासभर खोलीत बसून बाहेर आले. स्कॅन घेतलं तर दोन्ही जबडे दिव्यासारखे पेटलेले.

"पाटील, आत बसून खर्रा खाल्ला ना?" मी विचारलं. खर्रा म्हणजे आपली ती सुपारी-तंबाखूची घोटलेली पुडी, जिच्याशिवाय इकडे कोणाची सकाळ होत नाही.

"पोरीची शप्पथ, नाही."

मी त्यांना फोटो दाखवला. चघळताना जबड्याच्या स्नायूंनी साखर खाल्ली होती, आणि ती जिथे होती तिथे अजून चमकत होती. पाटलांचा चेहरा पडला.

"म्हंजे हे मशीन मागचं दाखवते?"

"तासाभरापूर्वीचं, हो."

पाटील खुर्ची ओढून जवळ आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "मंग बाहेर बायको बसली हाय, तिले हे मशीन मागचं दाखवते ते सांगू नका."

हा किस्सा आडेभाऊंना इतका आवडला, की ते पुढे महिनाभर येईल त्या पेशंटला सांगत होते. मशीन मागचं दाखवते, बरं का.

*

त्यानंतर आलेल्या वणीकडच्या आजी. डोक्यापासून पायापर्यंत स्कॅन होतं, आणि सगळं अंग शांत, पण दोन्ही हातांचे अंगठे आणि मनगटाच्या वरचा भाग उजळलेला. मॅडम चक्रावल्या. अशी जागा आजाराची नसते.

आजींनी कनवटीची पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत वाती होत्या, समईच्या, घरच्या कापसाच्या, एकसारख्या वळलेल्या. आजी म्हणाल्या, "रिकाम्या हातानं बसनं होत नाही मले. अन् तोंड तं बंदच होतं ना माह्यं."

मॅडमनी त्यातली एक वात मागून घेतली. ती अजून त्यांच्या टेबलावर काचेखाली आहे. माणसाचे हात काय करत होते हे त्याच्या हाडामांसातून वाचता येतं, आणि वाचायला मध्ये प्रतिकण लागतात, हे मला तोवर माहीत होतं, पण त्या वातीकडे बघून ते पटलं.

*

केळ्याचा किस्सा छोटा आहे. आडेभाऊ केळं खात होते. मॅडम सहज म्हणाल्या, की केळ्यातूनही कधीतरी एखादा पॉझिट्रॉन निघतो. तुमच्या-आमच्या अंगातूनही अधूनमधून निघत असतो, जन्मापासून. घाबरायचं कारण नाही.

आडेभाऊंनी अर्धं केळं हातात धरून ते नीट पाहिलं. मग बसस्टँडकडे तोंड करून म्हणाले, "अन् आपल्याले शिशाचा डबा, लायसन, पिवळा बोर्ड. तो केळेवाला तिकडं टोपल्यात घेऊन बसला, डझनावारी इकून राह्यला, त्याले काहून कोणी काही म्हणत नाही?"

उरलेलं केळं मात्र त्यांनी फार मान देऊन खाल्लं. त्या रात्री घरी त्यांनी शेवंताताईंना हे सांगितलं, तेव्हा त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या, पण नुसत्याच, आवाज न करता. आवाज बसल्यापासून घरात त्यांचं बोलणं हातवाऱ्यांवरच आलं होतं. औषधांचे सगळे डोस झाले होते, तरी कोणी काही विचारलं की त्या मान हलवत, तोंड उघडत नसत. आडेभाऊ म्हणाले, "भेते ते. तोंड उघडलं अन् तसाच फाटका निंगाला तं? घरात समदे कान लावून बसले असतेत ना ताई."

*

शेवंताताईंचं दुसरं स्कॅन आलं तेव्हा कापूस वेचणीला आला होता. पूनमच्या लग्नाची तारीख पुन्हा धरायची की नाही, हे त्या फोटोवर होतं.

आडेभाऊ रोज डबा उतरवताना दारातूनच हाक देतात, "साखर आली." त्या दिवशी काही बोलले नाहीत. डबा खाली ठेवला आणि त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले. मी तो घ्यायला गेले तेव्हा त्यांनी हात काढला.

शेवंताताईंना मी सुई लावली. "तासभर बोलायचं नाही, ताई." त्यांनी मान हलवली. खोलीचं दार लावलं. त्या खोलीच्या भिंतींत शिसं आहे, दारही जाड आहे. आत कोणी हाका मारल्या तरी बाहेर ऐकू येत नाही. आमच्याकडे फक्त कॅमेरा आहे, बिनआवाजाचा. त्यात दिसत होतं, की ताईंनी पदर तोंडावर घेतला आहे आणि त्यांची मान हळूहळू हलते आहे. मला वाटलं रडताहेत. रडू द्यावं म्हणून मी आत गेले नाही.

तासाभराने त्यांना मशीनवर घेतलं. फोटो वरून खाली उमटत गेला. मॅडम छातीचा भाग पुढे-मागे करून बघत राहिल्या. मागच्या वेळी घोस पेटला होता ती जागा आता अंधारी होती, आणि मला तिच्यावरून नजर काढवेना. अशा जागेवर अंधार दिसणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे.

"गेली," मॅडम म्हणाल्या. "सगळी गेली."

माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. मॅडम मात्र वर सरकून गळ्यापाशी थांबल्या होत्या. तिथे दोन ठिपके होते, एक उजवीकडे, एक डावीकडे. दोन्ही भरपूर पेटलेले आणि अगदी सारखे.

"ही बोलली," मॅडम म्हणाल्या.

"एकटीच होती मॅडम."

मॅडमनी आडेभाऊंना आत बोलावलं. ते पुन्हा स्क्रीनकडे पाठ करून उभे राहिले. मॅडमनी पाठीलाच सांगितलं, की गाठ राहिलेली नाही. आडेभाऊ खाली फरशीवरच बसले. खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी तोंडाला लावला. मग मॅडम म्हणाल्या, "उठा, आणि आता इकडे बघा. हे दोन दिसतात? मागच्या वेळी यातला डावा काळा होता."

आडेभाऊ पहिल्यांदा स्क्रीनकडे वळले. "हे काय हाय?"

"शेवंताताईंचा गळा. तासाभरापूर्वीचा."

"बोलली ते आत?"

"पुटपुटून इतकं पेटत नाही, आडेभाऊ. गायल्या त्या. बराच वेळ."

बाहेर बाकावर शेवंताताई पूनमने आणलेला चहा बशीत ओतून पीत होत्या. दाराच्या फटीतून त्या आम्हाला दिसत होत्या. पूनम काहीतरी विचारत होती आणि त्या मान हलवत होत्या, रोजच्यासारख्या. आडेभाऊंनी तिकडे पाहिलं, मग त्या दोन ठिपक्यांकडे. पुढे झुकले, इतके की काचेवर त्यांचा श्वास उमटला.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "मशीन मागचं दाखवते म्हणता ना तुमी. मंग कोणतं गाणं म्हणलं तिनं, ते दिसते का याच्यात?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत घातला, खुर्ची पुढे ओढली आणि स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन बघू लागल्या.